थर्मोपिलीच्या खिंडीत फक्त ३०० जण नव्हते

ग्रीसमधल्या थर्मोपिलीच्या खिंडीत '३०० स्पार्टन (स्पार्टा या ग्रीक नगराचे योद्धे) लाखोंच्या पर्शियन फौजेशी एकटे लढले' हा समज जुनाच आहे. २००७ साली गाजलेल्या '३००' या चित्रपटाने तो आणखी घट्ट केला. त्यातल्या पर्शियनांच्या, म्हणजे प्राचीन इराण्यांच्या, राक्षसी चित्रणावर इराणमध्ये संताप उसळला आणि तो रास्तच होता. पण त्या चित्रपटाने ग्रीकांवरही अन्याय केला, हे फारसं कुणी बोललं नाही.

इसवी सनपूर्व ४८० मध्ये स्पार्टाचा राजा लिओनिदास याच्यासोबत खिंडीत अनेक ग्रीक नगरांचे मिळून सुमारे सात हजार सैनिक होते. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने नगरवार आकडे दिले आहेत. एफिअल्टीसने डोंगरातली वाट शत्रूला दाखवल्यावर (चित्रपटात दाखवलाय तसा तो स्पार्टन नव्हता, त्याच भागातला रहिवासी होता) बहुतेक तुकड्या माघारी गेल्या. स्पार्टनांसोबत थीब्जचे ४०० जण थांबले, पण अखेरीस त्यांनी शरणागती पत्करली. आणि थेस्पियाचे ७०० जण डेमोफिलसच्या नेतृत्वाखाली आपणहून थांबले आणि तिथेच पडले. छोटंसं नगर ते! आपली एवढी माणसं त्याने एका सकाळी गमावली, आणि पुढे पर्शियनांनी ते जाळून टाकलं. स्पार्टनांसोबत हेलॉट, म्हणजे त्यांचे गुलामवत शेतकरीही मेले. त्यांची तर नावंही उरली नाहीत.

खिंडीजवळ लिओनिदासचं स्मारक १९५५ साली उभं राहिलं. थेस्पियाच्या वीरांना १९९७ पर्यंत वाट पाहावी लागली.