उथळ पाण्यातले पहिले दहा मीटर

‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण आपण कुणाच्या कौतुकासाठी वापरत नाही. पण स्कूबाचा, म्हणजे पाठीवरच्या टाकीतल्या हवेवर पाण्याखाली श्वास घेण्याचा, सरंजाम चढवून प्रवाळाच्या उथळ खडकांजवळ पहिल्यांदा डोकं पाण्याखाली घातलं, की ती शब्दशः खरी वाटू लागते. समुद्राच्या पोटात शांतता असणार असं आपण धरून चाललेलो असतो. प्रत्यक्षात चहूबाजूंनी सतत तडतड ऐकू येते, शेकोटीत ओली फाटी जळताना येते तशी. हा उद्योग बोटाएवढ्या कोळंबीचा. तिची एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी असते आणि ती नांगी इतक्या वेगाने मिटते, की पाण्यात क्षणभर एक बुडबुडा तयार होतो. तो बुडबुडा कोसळतो त्याचा हा आवाज. खडकांच्या फटीफटींत अशा असंख्य कोळंब्या बसलेल्या असतात. प्रवाळ जितकं निरोगी, तितका गोंगाट सहसा जास्त. आणि उघड्या समुद्रात वाहून गेलेली माशांची पिल्लं या आवाजाच्या रोखाने घर शोधत येतात.

आपल्याला मात्र तो रोख कळत नाही. पाण्यात ध्वनी हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो. आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला किंचित नंतर ऐकू येतो, त्या फरकावरून मेंदू दिशा ठरवत असतो. पाण्यात तो फरक इतका कमी होतो, की आवाज सगळीकडून एकदमच येतोय असं वाटतं.

नवशिक्यांना उथळ प्रवाळावर नेतात ते तिथे सगळं सोपं असतं म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. समुद्राचे पहिले दहा मीटर म्हणजे नुसता उंबरठा नव्हे. पटीत मोजला तर दाब सर्वांत झपाट्याने बदलतो तो इथेच, रंग हरवतात तेही इथेच, आणि प्रवाळाचा संसार सर्वांत दाट असतो तोही इथेच.

आधी दाबाचं पाहू. समुद्रसपाटीवर आपल्या अंगावर एका वातावरणाचा दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. दहा मीटरवर दोन, वीसवर तीन, तीसवर चार. रॉबर्ट बॉईलने १६६२ साली मांडलेला नियम शाळेत आपण सर्वांनी पाठ केलेला असतो : तापमान तेच असेल तर दाब दुप्पट झाल्यावर वायूचं आकारमान निम्मं होतं. सहा लिटर हवेचा फुगा घेऊन खाली जायला लागा. दहा मीटरवर तो तीन लिटरचा होईल, वीसवर दोन लिटरचा, तीसवर दीड. म्हणजे पहिल्या दहा मीटरांत तीन लिटर गेले, पुढच्या दहांत एक आणि त्यापुढच्या दहांत जेमतेम अर्धा. शरीराला सर्वांत मोठा धक्का बसतो तो सुरुवातीलाच, जिथून वर पाहिलं तर पाण्यावर चमकणारं ऊन दिसत असतं.

हा फुगा आपल्या शरीरात आहेच. पहिला कानात. पडद्यामागच्या पोकळीत हवा असते आणि तिथून घशामागे जाणारी एक बारीक नळी एरवी मिटलेली असते. दीड-दोन मीटर खाली गेलं की बाहेरचं पाणी पडदा आत ढकलू लागतं आणि कान दुखायला लागतो. उपाय साधा आहे. नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि नाकातून हवा सोडल्यासारखा हलका जोर द्यायचा. ‘टक्’ असं होतं आणि दुखणं थांबतं. अंतोनियो वाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १७०४ साली ही युक्ती वर्णन करून ठेवली, ती कानात साचलेला पू बाहेर काढण्यासाठी. तीनशे वर्षांनंतर ती पाणबुड्यांच्या रोजच्या सवयीची झाली आहे. एकच पथ्य पाळायचं : कान दुखण्याआधी हे करायचं, खाली जाताना हातभर अंतरावर पुन्हा पुन्हा करायचं. दुखायला लागल्यावर जोर लावला तर नळी आणखीच मिटते. अशा वेळी मीटरभर वर येऊन पुन्हा प्रयत्न करायचा. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरूच नये, हे मी अगदी आग्रहाने सांगेन.

दुसरा फुगा छातीत. स्कूबाचा पहिला नियम जगभर एकच शिकवतात : श्वास कधीही रोखून धरू नका. पोहताना नेमकं उलटं शिकलेलो असतो, म्हणून हे मनावर बिंबायला वेळ लागतो. पाच मीटरवर टाकीतून छातीभर हवा घेतली आणि घाबरून श्वास रोखत वर आलो, तर तीच हवा पृष्ठभागावर दीडपट व्हायला बघते. फुफ्फुसाचे नाजूक वायुकोश तेवढे ताणले जात नाहीत, फाटतात. पूर्ण भरलेल्या छातीने एक-दीड मीटर वर येणंसुद्धा इजा करायला पुरेसं ठरू शकतं. तरणतलावाचीही खोली याहून जास्त असते. श्वास चालू असेल तर मात्र जास्तीची हवा आपोआप बाहेर पडत राहते आणि काहीच होत नाही.

मग लांब नळी तोंडात धरून खाली का जाता येत नाही, असा प्रश्न पडेल. नळीतून येणारी हवा पृष्ठभागावरच्या दाबाची असते आणि छातीवर मात्र पाण्याचा दाब असतो. मीटरभर खोलीवरच छातीच्या स्नायूंना ते ओझं पेलून श्वास आत ओढणं जवळपास अशक्य होतं. हवा मिळायला हवी ती आसपासच्या पाण्याच्याच दाबाची, आणि श्वास घेऊ तेव्हाच. ही किमया साधते रेग्युलेटर. त्यात रबराची एक पातळ चकती असते. तिच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला आपलं तोंड. श्वास ओढला की चकती आत झुकते, एक तरफ दाबली जाते आणि टाकीतली हवा पाहिजे त्याच दाबाने येते. श्वास सोडताना झडप मिटते. फ्रेंच नौदलातला अधिकारी जाक-ईव्ह कुस्तो आणि अभियंता एमिल गान्याँ यांनी १९४३ मध्ये हे यंत्र साधलं. युद्धात पेट्रोलची टंचाई होती, गाड्या गॅसवर चालवण्यासाठी गान्याँने एक झडप बनवली होती. तिच्यातूनच पुढे माणसाच्या श्वासाची झडप घडली.

टाकीला सर्रास ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हणतात, ते चूक आहे. तिच्यात तुम्ही-आम्ही घेतो तीच हवा असते, गाळून, कोरडी करून, दोनशे पट दाबाने भरलेली. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरखाली मज्जासंस्थेला विषारी ठरू शकतो आणि झटके येऊ शकतात. अकरा लिटरच्या टाकीत साधारण बावीसशे लिटर हवा मावते. मिनिटाला वीस लिटर लागणाऱ्याला ती वर जवळजवळ दोन तास पुरली असती; दहा मीटरवर प्रत्येक श्वासात दुप्पट हवा जात असल्याने तासाच्या आतच संपते. त्यातूनही परतीसाठी चौथा हिस्सा राखून ठेवायचा असतो. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो आणि टाकी त्याहून लवकर रिकामी करतो. सावकाश, लांब उच्छ्वास हेच पहिलं कौशल्य.

नवशिक्यांसाठी जागा कशी निवडतात, तेही थोडक्यात सांगतो. प्रवाळाची भिंत लाटांची सरासरी ९७ टक्के ऊर्जा शोषून घेते, त्यामुळे तिच्या आतल्या खाजणात पाणी संथ असतं. तळाला वाळू हवी, म्हणजे सरावासाठी गुडघे टेकले तर ते कुणाच्या अंगावर टेकणार नाहीत. ओढ नको, पाणी स्वच्छ हवं. प्रशिक्षकाबरोबरच्या पहिल्या चाचणी-डुबकीत सहसा १२ मीटरच्या खाली नेत नाहीत. प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण झालं की मर्यादा १८ मीटर. अंगठा वर करणं म्हणजे पाण्याखाली ‘छान!’ नव्हे, ‘वर चला’. छान असेल तर तर्जनी आणि अंगठ्याचं वर्तुळ करायचं. उत्साहात अंगठा दाखवणाऱ्याला प्रशिक्षक निमूटपणे वर घेऊन जातो.

आता खरी कसोटी : तरंगणं. बुडायचं नाही, वरही यायचं नाही, पाण्यात अधांतरी राहायचं. कमरेला वजनं असतात, अंगात हवा भरता-सोडता येणारं जॅकेट असतं, पण बारीक नियंत्रण श्वासाचं. दोन लिटर जास्त हवा छातीत घेतली की जवळपास दोन किलो प्लावक बल, म्हणजे पाण्याचा वर ढकलणारा जोर, वाढतं. गंमत अशी, की परिणाम लगेच दिसत नाही. श्वास घेतल्यावर दोन-तीन सेकंद काहीच घडत नाही, मग शरीर हळूच वर सरकू लागतं. नवशिका त्या दोन सेकंदांत अधीर होतो, आणखी हात मारतो आणि मग एकदम वर जातो. उथळात हे जास्त कठीण असतं. तीसवरून अठ्ठावीस मीटरवर आलो तर जॅकेटमधली हवा सुमारे पाच टक्के फुगते. पाचवरून तीन मीटरवर आलो तर पंधरा टक्के. फुगली की आणखी वर, वर गेलं की आणखी फुगली. नवशिक्याला आपण सर्वांत डळमळीत पाण्यात उभं करतो आणि नेमकी तिथेच खाली सर्वांत नाजूक वस्ती असते.

त्या वस्तीकडे जवळून पाहा. हातभर अंतरावर गोल, पिवळट-करडा, भल्या मोठ्या धोंड्यासारखा प्रवाळ आहे. तो दगड वाटतो. मास्क जवळ नेला की पृष्ठभागावर हजारो बारीक खळगे दिसतात, अगदी मोजक्या मापाने कोरल्यासारखे. प्रत्येक खळग्यात एक प्राणी आहे : मऊ पिशवीसारखं शरीर, वर तोंड, तोंडाभोवती स्पर्शकं. दिवसा बहुतेक जण आत ओढून बसलेले असतात, रात्री स्पर्शकं पसरून तरंगते सूक्ष्मजीव पकडतात. हे प्राणी आहेत, हे जाँ-आंद्रे पेसोनेल या फ्रेंच वैद्याने अठराव्या शतकात सांगितलं तेव्हा भल्याभल्या विद्वानांनी ते उडवून लावलं. प्रवाळाला फुलं येतात, तेव्हा ती वनस्पतीच, यावर सगळ्यांचा भरवसा होता.

वनस्पतीचा भास अगदीच निराधार नव्हता. या प्राण्याच्या पेशींत झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल राहतं, उन्हावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. प्रवाळाची ऊर्जेची ९० टक्क्यांपर्यंत गरज अशी भागू शकते. त्या बळावर तो समुद्रातलं कॅल्शियम घेऊन चुन्याचं घर बांधतो. प्रवाळाला उन्हाची गरज का आणि तो उथळात का, याचं उत्तर हेच. समोरचा धोंडा वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. पुरुषभर उंचीचा असेल तर त्याचं वय दीडशे वर्षांच्या पुढे गेलेलं असू शकतं. शेजारचं शिंगांसारखं फांद्याफांद्यांचं प्रवाळ वर्षाला दहा सेंटिमीटर वाढतं खरं, पण पायातल्या फिनच्या, म्हणजे पोहण्याच्या वल्ह्यासारख्या पायमोज्याच्या, एका फटक्यात तुटतं. तरंगण्याचा सराव आधी वाळूवर करा, मगच प्रवाळाजवळ जा, असं म्हणतात ते यासाठी.

ऊन मात्र जसं खाली जातं तसं रंगांनी गरीब होत जातं. पाणी आधी लाल रंग शोषून घेतं. पाच-सहा मीटरवर लाल फीत तपकिरी दिसू लागते, आणखी खाली काळपट. बोटाला खरचटलं तर रक्त हिरवट दिसतं. घाबरू नका, हातातला टॉर्च लावा : प्रकाशाच्या त्या गोलात रक्त लाल होतं आणि राखाडी वाटणारा खडक गुलाबी, नारिंगी, जांभळा निघतो. मास्कच्या काचेमुळे वस्तू तिसऱ्या हिश्शाने मोठ्या दिसतात, म्हणून हात पुढे केला तर प्रवाळ वाटलं त्यापेक्षा लांब असतं.

कधीकधी टॉर्च लावूनही काही प्रवाळ पांढरंफटक दिसतं. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंशभर जरी जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ आपलं शैवाल बाहेर टाकतं आणि कातडीतून चुन्याचा सांगाडा दिसू लागतो. ते मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येऊ शकतं. असं जगभर एकाच वेळी घडल्याची नोंद १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात झाली, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्यांदा तसं जाहीर केलं. समुद्रतळाचा एक टक्काही भाग न व्यापणाऱ्या या खडकांवर सागरी जातींपैकी सुमारे चौथा हिस्सा अवलंबून आहे. हे आकडे मी अनेकदा वाचले आहेत, तरी प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो.

परतीची वाट हळू. दाबाखाली नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. झटकन वर आलं तर त्याचे बुडबुडे होतात. १२ मीटरवर तो इतका सावकाश साठतो, की दोन तासांहून अधिक वेळ राहूनही थेट वर येता येतं, आणि एवढी हवा टाकीत मुळी नसतेच. तरीही पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायची सवय नवशिक्याला पहिल्यापासून लावतात. डुबकीनंतर लगेच विमानात बसायचं नाही. एकाच डुबकीनंतर किमान १२ तास, अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास.

ती तीन मिनिटं सुरुवातीला कंटाळवाणी वाटतात. पण खाली एक पोपटमासा काम करत असतो. चोचीसारख्या जुळलेल्या दातांनी तो खडक कुरतडतो. नीट कान दिलात तर कोळंब्यांच्या तडतडीतूनही तो ‘कर्रर्र’ आवाज ओळखू येतो. खडकासकट आलेलं शैवाल तो पचवतो आणि चुन्याची पूड मागे सोडत पुढे जातो. पांढऱ्या धुराची एक रेघ त्याच्यामागे पाण्यात काही क्षण लोंबकळते आणि सावकाश तळाच्या वाळूवर उतरते. ज्या वाळूवर मघाशी गुडघे टेकून आपण श्वास घ्यायला शिकलो, तिच्यातली बरीचशी अशीच आलेली असते.