मेलेले वानर आणि चोवीस तासांचा नियम

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत काजू गोळा करण्याचे दिवस आणि माकडतापाचे, म्हणजे गोचीड चावल्याने होणाऱ्या विषाणूजन्य तापाचे, दिवस एकच असतात. पाऊस सरला, रान वाळले आणि पालापाचोळ्याचा थर जमला की गोचिडांची लहान पिल्ले त्या पाचोळ्यात मोठ्या संख्येने वावरू लागतात, आणि जानेवारीपासून मेपर्यंत बागेत वाकून बोंडे वेचणाऱ्या माणसाचे पाय नेमके त्याच थरात असतात. या तापाचा विषाणू १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर जंगलात सापडला. पुण्याच्या ज्या विषाणू संशोधन केंद्राने तो शोधला, तेच आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था होय. पुढची कित्येक दशके हा आजार त्या परिसरापुरता राहिला. २०१२ नंतर मात्र तो सह्याद्रीच्या कडेकडेने केरळच्या वायनाडमध्ये, गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ च्या आरंभी दोडामार्ग तालुक्यात दिसू लागला.

माणसाआधी वानरे आणि माकडे मरतात, हे या आजाराचे वैशिष्ट्य. वानराचे शरीर थंड पडू लागले की त्याच्या अंगावरचे गोचीड ते सोडून भोवती पसरतात, त्यामुळे मेलेल्या वानराखालची आणि आसपासची जमीन काही काळ सर्वांत धोक्याची असते. म्हणूनच मृत वानराची खबर मिळताच त्या जागेभोवती कीटकनाशकाची भुकटी मारायची, शवविच्छेदन करून नमुने पाठवायचे, परिसरातील तापाचे रुग्ण घरोघरी शोधायचे आणि बागेत जाणाऱ्यांना अंगाला लावायचे गोचीडरोधक तेल वाटायचे, अशी कामाची रीत ठरलेली आहे. हा ताप एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे त्याची जागतिक साथ होण्याचे भय नाही. तरीही साथींच्या तयारीचा विचार येथून सुरू करणे सोयीचे आहे, कारण जगातील मोठ्या देशांची यंत्रणा ज्या ठिकाणी अडखळते, त्याच ठिकाणी वाडीतली यंत्रणाही अडखळते.

ते ठिकाण म्हणजे पहिली खबर. वानर दिसते ते गड्याला किंवा बागेच्या मालकाला. त्याने ते पोलीस पाटलाला, आशाताईला किंवा वनरक्षकाला सांगितले, तरच पुढची साखळी हलते. पण ऐन हंगामात बागेत वानर मेल्याचा बभ्रा झाला तर वेचणीला माणूस मिळणार नाही, हे मालकाला पक्के ठाऊक असते. खबर दिल्याचा फायदा साऱ्या गावाला आणि तोटा मात्र देणाऱ्या एकट्याला, असा हा व्यवहार आहे. अशा वेळी वानर गुपचूप पुरून टाकावे असे कोणाला वाटले, तर त्याला अडाणी म्हणून मोकळे होता येत नाही. त्याचा हिशेब त्याच्यापुरता बरोबर असतो.

देशांचा हिशेबही हाच असतो. १९९१ मध्ये पेरूमध्ये पटकीची साथ आली आणि त्या देशाने ती उघडपणे कळवली, तेव्हा इतर देशांनी त्याच्या मासळीवर आणि इतर मालावर निर्बंध घालून त्याचे मोठे नुकसान केले. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी येताच अनेक देशांनी भारताची विमाने आणि भारताचा माल थांबवला. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉन हे नवे रूप ओळखून तातडीने जगाला सांगितले, आणि अवघ्या एक-दोन दिवसांत श्रीमंत देशांनी दक्षिण आफ्रिकेची विमानसेवा बंद केली. तोवर तो विषाणू इतरत्र पोहोचलेला होता, त्यामुळे त्या बंदीचा उपयोग फारसा झाला नाही. प्रामाणिकपणाची शिक्षा मात्र पुरेपूर झाली.

या प्रश्नावरचा आंतरराष्ट्रीय उपाय म्हणजे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम. २००३ मधील सार्स या श्वसनरोगाच्या साथीत ८,०९८ लोक आजारी पडले आणि ७७४ दगावले. चीनने आरंभीचे काही महिने माहिती दडवल्याने ती साथ हाँगकाँग, सिंगापूर, कॅनडापर्यंत गेली. त्या अनुभवातून २००५ मध्ये हे नियम नव्याने लिहिले गेले आणि २००७ पासून ते लागू झाले. १९६ सदस्यांना ते बंधनकारक ठरले. संशयास्पद घटना आढळली तर देशाने तिचे मूल्यमापन ४८ तासांत करायचे आणि ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाची वाटली तर त्यानंतर २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचे. वर्तमानपत्रे, डॉक्टर, प्रयोगशाळा अशा बिगरसरकारी मार्गांनी आलेल्या खबरेचीही दखल घेण्याची मुभा संघटनेला मिळाली, आणि माझ्या मते हे कलम चोवीस तासांच्या अटीहून मोलाचे आहे. सरकारे गप्प बसतील हे गृहीत धरूनच ते लिहिलेले आहे.

कागदावरची तयारी आणि प्रत्यक्षातली तयारी यांतील अंतर २०२० मध्ये उघडे पडले. २०१९ च्या ऑक्टोबरात, कोणता देश साथीसाठी किती सज्ज आहे हे मोजणारा जागतिक आरोग्य सुरक्षा निर्देशांक प्रसिद्ध झाला होता. त्यात अमेरिका पहिली आणि ब्रिटन दुसरा होता, तर न्यूझीलंड पस्तिसावा आणि व्हिएतनाम पन्नासावा. पुढच्या वर्षभरात कोविडमध्ये पहिले दोघे कोलमडले आणि नंतरचे दोघे सावरले, ते सर्वांनी पाहिले. निर्देशांकाने प्रयोगशाळा, कायदे, योजना यांची मोजदाद केली होती. सत्तेवरचे लोक त्यांचा वापर कधी करतील, हे मोजण्याचे माप त्याच्याकडे नव्हते. ब्रिटनची कथा तर अधिक बोलकी आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेथे ‘सिग्नस’ नावाची मोठी रंगीत तालीम झाली आणि भीषण साथ आली तर देशाची तयारी पुरी पडणार नाही, असा निष्कर्ष त्यातून निघाला. हा निष्कर्ष संबंधितांनी वाचला, पण त्यातील बऱ्याच शिफारशी तशाच पडून राहिल्या. शिवाय ती सारी आखणी इन्फ्लुएन्झा डोळ्यांपुढे ठेवून झाली होती. साथ थांबवता येणार नाही, फक्त तिचे परिणाम झेलायचे आहेत, अशी त्यामागची समजूत होती. कोविडच्या सरकारी चौकशीच्या जुलै २०२४ मधील अहवालाने या समजुतीवर नेमके बोट ठेवले आहे.

दक्षिण कोरिया येथे वेगळा ठरतो, आणि तोही जन्मतः शहाणा होता असे नाही. मे २०१५ मध्ये मध्यपूर्वेतून परतलेल्या एका प्रवाशाला मर्स हा श्वसनरोग झाला होता. निदान होईपर्यंत तो एकामागून एक दवाखाने फिरला. रुग्ण कोणत्या रुग्णालयांत आहेत हे सरकारने काही आठवडे जाहीर केले नाही, कारण रुग्णालये ओस पडतील अशी भीती होती. परिणामी त्याच रुग्णालयांत लोक जात राहिले आणि १८६ जणांना लागण होऊन ३८ जण मृत्युमुखी पडले. त्या नामुष्कीनंतर कायदे बदलले. साथीच्या काळात रुग्णांच्या हालचालींची माहिती मिळवण्याचा आणि ती जाहीर करण्याचा अधिकार यंत्रणेला मिळाला, आणि नव्या तपासणी किटला तातडीची मंजुरी देण्याची तरतूद झाली. १७ डिसेंबर २०१९ रोजी, वूहानची बातमी जगाला कळण्यापूर्वी, तेथील तज्ज्ञांनी एक सराव केला. त्यासाठी रचलेल्या प्रसंगात चीनहून परतलेल्या एका कुटुंबाला अनोळखी न्यूमोनिया झालेला होता. सव्वा महिन्याने खरा प्रसंग आला तेव्हा २७ जानेवारी २०२० रोजी अधिकाऱ्यांनी सोलच्या रेल्वे स्थानकातील एका सभागृहात खासगी किट उत्पादकांना बोलावले, आणि ४ फेब्रुवारीला पहिल्या किटला मंजुरी मिळाली.

त्या पद्धतीलाही किंमत होतीच. रुग्णांच्या हालचालींचे तपशील इतके बारीक छापले जात की शेजाऱ्यांना माणूस ओळखता येई. मे २०२० मध्ये सोलच्या इतेवॉन भागातील क्लबांमधून लागण पसरली, तेव्हा तेथे गेलेले अनेक जण समलिंगी असल्याचे उघड होईल या धास्तीने तपासणीला पुढे येईनात. शेवटी महापालिकेने नाव न विचारता तपासणी सुरू केली आणि लोक येऊ लागले. खबर देणाऱ्याची भीती कमी केली की खबर मिळते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

साठ्यांबद्दल थोडक्यात सांगता येते. सार्सनंतर कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने साडेपाच कोटी एन-९५ मास्क विकत घेऊन ठेवले आणि पुढे ते कोठारातच कालबाह्य झाले. खर्च झाला, साठा झाला, पण तो वापरात फिरता ठेवण्याची जबाबदारी कोणाच्याच गळ्यात नव्हती.

माणसांच्या साठ्याबद्दल मात्र विस्ताराने बोलले पाहिजे. जुलै २०१४ मध्ये लायबेरियाहून इबोलाची लागण झालेला एक प्रवासी विमानाने नायजेरियातील लागोस या अवाढव्य शहरात उतरला. त्याला सोडून द्यावे म्हणून दबाव येत असतानाही डॉ. अमेयो स्टेला अदादेवो यांनी त्याला रुग्णालयाबाहेर जाऊ दिले नाही. पुढे त्या स्वतः त्याच आजाराने गेल्या. सरकारने पोलिओ निर्मूलनासाठी उभी केलेली माणसे आणि कार्यपद्धती रातोरात इबोलाकडे वळवली. संपर्कात आलेल्या ८९४ जणांचा माग काढला गेला, सुमारे १८,५०० वेळा घरी जाऊन त्यांची विचारपूस झाली, आणि २० रुग्ण व ८ मृत्यू यांवर साथ थांबली. ऑक्टोबरात देश इबोलामुक्त जाहीर झाला. नायजेरियाकडे इबोलाची वेगळी तयारी नव्हती. दुसऱ्या कामासाठी घरोघरी जाण्याची सवय असलेली माणसे होती. थायलंडची मदारही अशाच सुमारे दहा लाख ग्राम आरोग्य स्वयंसेवकांवर आहे, आणि ही पद्धत तेथे १९७० च्या दशकापासून चालत आली आहे.

आपल्याकडे हे काम आशाताई करतात. २०२० च्या गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांनी किती दिवस वेगळे राहायचे यावर सरकार, ग्रामपंचायती आणि मंडळे यांच्यात जो घोळ चालला, तो कोकणात अजून कोणी विसरलेले नाही. त्या गोंधळातही कोणत्या घरात कोण कधी उतरले, म्हातारे कोण, ताप कोणाला, याची वही आशाताईंकडेच होती. मुंबईच्या १८९६ च्या प्लेगात शहर सोडून पळालेल्या लाखो लोकांपैकी अनेकांनी कोकणची वाट धरली होती, त्यामुळे ही परिस्थिती कोकणाला नवी नाही. त्या प्लेगापायी १८९७ चा साथरोग कायदा झाला आणि २०२० मध्येही आपण त्याच कायद्याचा आधार घेत होतो. सव्वाशे वर्षांपूर्वीचा तो कायदा सरकारला अधिकार भरपूर देतो. खबर देणाऱ्याला मात्र काहीच देत नाही. नीती आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने सप्टेंबर २०२४ मध्ये नवा कायदा सुचवला आहे.

खबर देणाऱ्याला काय मिळावे, हा प्रश्न आता जागतिक पातळीवरही वादाचा आहे. २००७ मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने देणे थांबवले होते. आमच्या नमुन्यांवरून लस बनणार आणि ती आम्हालाच परवडणार नाही, ही त्याची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, संमत केलेल्या साथ करारात यावर तोड काढण्याचा प्रयत्न आहे. या व्यवस्थेत सामील होणाऱ्या उत्पादकांनी साथीच्या काळात लशी, औषधे आणि तपासणी साधने यांच्या उत्पादनाचा वीस टक्के हिस्सा जागतिक आरोग्य संघटनेच्या हाती द्यावा, त्यातील निम्मा म्हणजे किमान दहा टक्के फुकट असावा, असे उद्दिष्ट त्यात आहे. नमुने आणि लाभ यांच्या देवाणघेवाणीचे तपशील मात्र करार संमत करताना वेगळ्या परिशिष्टावर सोडण्यात आले, आणि खरी रस्सीखेच त्या परिशिष्टातच आहे.

देशांतर्गत पातळीवर या तत्त्वाची एक ओळखीची अंमलबजावणी आपल्याकडे आहे. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हापासून सरकार मारलेल्या कोंबड्यांची भरपाई मालकाला देते, आणि त्यामुळे खबर दडवण्याचे एक मोठे कारण कमी होते. कोंबडीला मालक असतो, वानराला नसतो. साथ निधी या जागतिक निधीतून भारताला पशुआरोग्याच्या तयारीसाठी अडीच कोटी डॉलर मिळाले आहेत आणि त्यातून प्रयोगशाळा सुधारतील हे चांगलेच आहे. पण वानर मेल्याचे कळवणाऱ्या दोडामार्गच्या बागायतदाराचे वेचणीचे जे दिवस बुडतात, त्यांच्या भरपाईचा खर्च या साऱ्या रकमांपुढे नगण्य आहे, आणि तो जिल्ह्याच्या पातळीवर मंजूर करता आला तर त्याला दिल्लीपर्यंत जाण्याची गरजही नाही.