बालदारिद्र्य मोजायचे कशावरून? एका व्याख्येची पार्श्वभूमी

विकसनशील देशांतील मुलांच्या दारिद्र्याचे जे आकडे आज वारंवार दिले जातात, ते दोन निरनिराळ्या हिशेबांतून आलेले असतात. एका हिशेबात मूल ज्या घरात राहते त्या घराचा खर्च किंवा उत्पन्न पाहिले जाते. दुसऱ्यात त्या मुलाला स्वतःला पाणी, अन्न, शाळा, औषधोपचार आणि निवारा यांपैकी काय मिळाले, हे पाहतात. दोन्ही हिशेबांना ‘दारिद्र्य’ हाच शब्द वापरला जात असल्यामुळे वाचकाचा गोंधळ होतो, आणि धोरण ठरवणाऱ्यांचाही झालेला आहे.

मुलांच्या हलाखीची आंतरराष्ट्रीय दखल तशी जुनी आहे. १९२४च्या जिनिव्हा जाहीरनाम्यात भुकेल्या मुलाला अन्न आणि आजारी मुलाला शुश्रूषा मिळाली पाहिजे, असे म्हटले होते. १९५९च्या जाहीरनाम्याने ही यादी वाढवली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, मुख्यतः युरोपातील युद्धग्रस्त मुलांसाठी उभा राहिलेला तातडीचा मदतनिधी (युनिसेफ) १९५३ साली कायम करण्यात आला आणि त्याचे लक्ष गरीब देशांकडे वळले. या काळातील दस्तऐवजांत गरीब मूल दयेस आणि मदतीस पात्र होते. अशी मुले किती आणि ती ओळखायची कशी, हा प्रश्न कोणाला फारसा पडला नव्हता.

तो पडू लागला १९८०च्या दशकात. कर्जाच्या ओझ्याखाली दबलेल्या आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील देशांनी कर्जदात्या संस्थांच्या अटींनुसार सरकारी खर्च आवळला, आणि अन्नावरील अनुदान, दवाखाने व शाळा यांना त्याची झळ लागली. या आर्थिक फेररचनेची किंमत मुले मोजत आहेत, हे १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने पुढे आणले. त्याच दशकात मुलांच्या वाढीची नोंद, जलसंजीवनी, स्तनपान आणि लसीकरण अशा चार स्वस्त उपायांची मोहीम जगभर राबवली गेली. १९७८च्या अल्मा-आटा परिषदेने सर्वांना प्राथमिक आरोग्यसेवा देण्याचे वचन दिले होते आणि या मोहिमेने ते चार उपायांपुरते आखूड केले, ही टीका तेव्हाही झाली. टीका रास्तच होती, पण मुले वाचली हेही तितकेच खरे. १९९० साली पाच वर्षांखालील सुमारे सव्वा कोटी मुले दगावली होती. २०२२ साली ही संख्या ५० लाखांच्या किंचित खाली आली. मात्र १९८०च्या दशकात मुलांची मोजदाद मुख्यतः ती जगली की दगावली एवढ्यावरच अडलेली होती. जगलेले मूल कोणत्या स्थितीत वाढते आहे, हे सांगणारे सर्वमान्य माप नव्हते.

नोव्हेंबर १९८९मध्ये बालहक्कांचा करार मंजूर झाला. शारीरिक, मानसिक आणि सामाजिक वाढीला पुरेसे राहणीमान हा प्रत्येक मुलाचा हक्क असल्याचे त्याच्या सत्ताविसाव्या कलमात लिहिले गेले. पुढच्याच वर्षी, १९९० साली, दिवसाला एक डॉलर ही जागतिक दारिद्र्यरेषा प्रचारात आली. या दोन घटना इतक्या लागोपाठ घडल्या, तरी त्यांची गाठ घालून देण्याचा प्रयत्न दहा-बारा वर्षे झाला नाही. २००० साली ठरलेल्या सहस्रक उद्दिष्टांत बालमृत्यू कमी करण्याचे लक्ष्य होते, पण दारिद्र्य निम्म्यावर आणण्याच्या लक्ष्यात मुलांचा वेगळा उल्लेख नव्हता.

डॉलरच्या रेषेने मुलाचे दारिद्र्य कसे ठरते, ते एका काल्पनिक कुटुंबावरून पाहावे. आईवडील आणि चार मुले मिळून दिवसाला १२ डॉलर खर्च करतात. माणशी २ डॉलर पडतात, म्हणजे जून २०२५पर्यंत वापरल्या गेलेल्या २.१५ डॉलरच्या रेषेखाली हे सहाही जण गरीब. आता लहान मुलाचा खर्च प्रौढाच्या निम्मा धरला, तर सहा जणांचे चार ‘प्रौढ’ होतात, माणशी ३ डॉलर येतात आणि तेच घर रेषेच्या वर जाते. (अर्थात, मुलाच्या खर्चाचा वाटा असा बदलला की रेषाही नव्याने आखावी लागते, ही दुरुस्ती चर्चेत बहुधा गाळली जाते.) घरात काहीही बदललेले नसते. याहून मोठी अडचण अशी की, दोन्ही हिशेबांत घरातील सर्व मुले सारखीच गरीब ठरतात. मुलाला शाळेत पाठवले आणि त्याच्या बहिणीला पाण्याच्या फेऱ्यांसाठी घरी ठेवले, तर त्या फरकाची कुठेही नोंद होत नाही. दरडोई सरासरीला घराच्या आतले काही दिसत नाही.

यावर पर्याय म्हणून ब्रिटनमधील एका विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ साली विकसनशील देशांतील मुलांची निराळी मोजणी प्रसिद्ध केली. अन्न, पाणी, स्वच्छतागृह, आरोग्य, निवारा, शिक्षण आणि माहिती या सात बाबींत ‘तीव्र वंचितता’ म्हणजे काय, याच्या मर्यादा त्यांनी मुद्दाम कठोर ठेवल्या. पाण्यासाठी जाऊन-येऊन अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत असेल किंवा फक्त नदी-तळ्याचे उघडे पाणी मिळत असेल, तर ते मूल पाण्यापासून वंचित. एका खोलीत पाचांहून अधिक माणसे राहत असतील किंवा जमीन मातीची असेल, तर निवाऱ्यापासून वंचित. सात ते अठरा वर्षांचे मूल शाळेत कधीच गेले नसेल, तर शिक्षणापासून वंचित. निष्कर्ष असा निघाला की, १०० कोटींहून अधिक मुले निदान एका बाबतीत तीव्र वंचित आहेत आणि ६७ कोटी ४० लाख मुले दोन किंवा अधिक बाबतींत. संशोधकांनी यांपैकी दुसऱ्या गटाला निरपेक्ष दारिद्र्यात धरले.

या मोजणीवर पुष्कळ आक्षेप आले आणि त्यांतील काही अजून मिटलेले नाहीत. घरात रेडिओ किंवा फोन नसणे आणि मूल कुपोषित असणे यांचे वजन एकच का धरायचे? एक बाब की दोन, ही मर्यादा कोणी ठरवली? सर्वांत मोठे आकडे निवारा आणि स्वच्छतागृहाच्या खात्यात का पडले, आणि अन्नाच्या खात्यात त्या मानाने इतके कमी का? माझ्या मते यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर पाहणीच्या पद्धतीत सापडते. प्रगणक घरी येतात तेव्हा पाच वर्षांखालील मुलांचे वजन घेतात. दोन वर्षांखालच्या मुलाला मोजमापाच्या फळीवर निजवून आणि त्याहून मोठ्याला उभे करून लांबी-उंची घेतात. पाच वर्षे ओलांडलेला भाऊ तिथेच शेजारी उभा असतो, पण त्याच्यासाठी फळी लावली जात नाही. म्हणून २००३च्या हिशेबात अन्नाची वंचितता पाच वर्षांखालच्या मुलांपुरतीच मोजता आली. सात वर्षांच्या मुलाची उपासमार आकड्यात नाही, कारण ती विचारलीच गेली नव्हती. हा दोष वंचिततेच्या कल्पनेचा नाही, उपलब्ध माहितीचा आहे, आणि टीकाकारांनी हा भेद पुरेसा पाळला नाही.

डिसेंबर २००६मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालदारिद्र्याचे जे वर्णन मान्य केले, ते याच विचाराचे होते. मूलभूत वस्तू-सेवांच्या अभावाने कोणत्याही माणसाची हानी होते, पण मुलाची सर्वाधिक होते, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. पोषण, पाणी, निवारा, शिक्षण यांच्या जोडीला सहभाग आणि संरक्षण हे दोन शब्दही त्यात आले. मुलांच्या दृष्टीने ते योग्यच होते, पण नेहमीच्या कुटुंबपाहणीत मोजायला ते फार अवघड ठरले.

व्याख्येचा हा वाद कागदावरचा वाटतो, पण उपाय त्यावरून ठरतात. दारिद्र्य म्हणजे पैशाची चणचण असे मानले, की घरात थेट पैसा देण्याकडे कल जातो. मेक्सिकोने १९९७ साली आणि ब्राझीलने २००३ साली मोठ्या प्रमाणावर राबवलेल्या योजनांत पैसा बहुतांशी आईच्या हाती दिला गेला आणि मुलांची शाळेतील हजेरी व आरोग्यतपासणी या अटी घातल्या गेल्या. दक्षिण आफ्रिकेने १९९८ साली सुरू केलेले बालअनुदान आधी सात वर्षांखालील मुलांपुरते होते. पुढे वयाची मर्यादा टप्प्याटप्प्याने अठरापर्यंत नेली गेली. या योजनांनी पुष्कळ घरांना आधार दिला. तरीही जिथे शाळेत शिक्षक नाही आणि दवाखान्यात लस नाही, तिथे अट घातलेला पैसा आईला एका बंद दारापर्यंतच नेतो.

२०१५च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत दोन्ही हिशेब शेजारी-शेजारी बसवले गेले. डॉलरच्या रेषेखालील दारिद्र्य संपवणे हे एक लक्ष्य, आणि पुरुष, स्त्रिया व मुले यांचे सर्व अंगांनी असलेले दारिद्र्य निम्म्यावर आणणे हे दुसरे. दुसऱ्यात मुलांचा उल्लेख प्रथमच आला, पण मोजमाप ‘राष्ट्रीय व्याख्येनुसार’ करण्याची मुभा दिल्यामुळे दोन देशांची तुलना अवघड झाली. पुढच्या वर्षीच्या, युनिसेफ आणि जागतिक बँकेच्या एका संयुक्त अंदाजानुसार २०१३ साली विकसनशील देशांत ३८ कोटी ५० लाख मुले १.९० डॉलरच्या रेषेखाली होती. मुलांमधील प्रमाण १९.५ टक्के आणि प्रौढांमधील ९.२ टक्के. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजाने २.१५ डॉलरची रेषा धरून २०२२ सालासाठी ३३ कोटी ३० लाख ही संख्या दिली. जून २०२५मध्ये रेषा ३ डॉलरवर नेण्यात आल्यामुळे मागच्या वर्षांचे आकडेही नव्याने मांडणे भाग पडले, आणि जुने-नवे आकडे एका ओळीत ठेवून घट किंवा वाढ सांगणे चुकीचे ठरते.

या सगळ्या मापांना एक मर्यादा समान आहे. पाहणीची सुरुवात घराच्या यादीपासून होते, कुटुंबप्रमुख कोण आणि घरात किती माणसे, इथून. फुटपाथवर झोपणारे, अनाथालयात किंवा कोठडीत ठेवलेले, कामाच्या जागीच राहणारे मूल त्या यादीत येत नाही, आणि त्याला डॉलरच्या रेषेवर बसवता येत नाही तसे सात बाबींच्या तक्त्यातही बसवता येत नाही.