अमेरिका सोडून ब्राझीलला गेलेले कापूसवाले

१८६५ ला अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, दक्षिणेकडची राज्यं हरली, गुलामगिरी गेली आणि कापसाच्या मळ्यांचे मालक हवालदिल झाले, कारण सगळा डोलाराच फुकट राबवून घेतलेल्या माणसांवर उभा होता. दक्षिणेचा सेनापती जनरल ली सांगत होता की देश सोडू नका, पण हजारोंनी ऐकलं नाही. काही मेक्सिकोत गेले, तिथे बादशहा मॅक्सिमिलियनने आसरा दिला, पण १८६७ ला त्यालाच गोळ्या घातल्या, मग कसली वसाहत आणि कसलं काय! काही ब्रिटिश होंडुरासला (आताचं बेलीझ) जाऊन ऊस लावायला लागले.

सगळ्यात जास्त गाजलं ते ब्राझील. युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जाईना, भाव भडकले, आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाने मुंबईत पैशांचा पाऊस पाडला (आणि युद्ध संपताच भाव पडले, तसा १८६५ ला मुंबईत समुद्र बुजवणाऱ्या बॅकबे कंपनीच्या शेअर्सचा फुगा फुटला). ब्राझीलचा सम्राट दुसरा पेद्रो यालाही कापूस जाणणारे लोक हवे होते, म्हणून त्याने स्वस्तात जमिनी आणि प्रवासखर्चाला मदत देऊ केली. शिवाय ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ पर्यंत कायदेशीर होती. ही गोष्ट लोक हळूच गाळतात, पण काही कुटुंबांनी तिथे जाऊन गुलाम विकत घेतले होते, मग नुसती 'नव्या आयुष्याची ओढ' कशी म्हणायची?

सगळेच काही मोठे जमीनदार नव्हते, बरेच जण साधे शेतकरी होते. अ‍ॅमेझॉनकाठी सांतारेमला गेलेल्यांचे जंगलात आणि तापाने हाल झाले, कितीतरी जण परत फिरले. टिकले ते मुख्यतः साओ पाउलो प्रांतात सांता बार्बराच्या आसपास. अलाबामा राज्याच्या विधिमंडळातला माजी सिनेटर विल्यम नॉरिस तिथे सुरुवातीलाच गेला आणि त्याच्यामागून बाकीचे. त्यांनी लोखंडी नांगर आणले, कापूस लावला, कलिंगडं पिकवली. १८७५ ला जवळ रेल्वे स्टेशन झालं, त्याभोवती जे गाव वाढलं त्याचं नावच पुढे अमेरिकाना पडलं.

हे प्रोटेस्टंट, त्यामुळे कॅथलिक दफनभूमीत जागा मिळेना, मग शेतातच स्वतःची दफनभूमी केली. तीच पुढे वंशजांच्या एकत्र जमायची जागा झाली, वर्षाला जत्रेसारखा सोहळा, जुने घागरे, जुने नाच, आणि दक्षिणेचा झेंडासुद्धा, ज्यावरून पुढे वाद झाले. १९७२ ला जिमी कार्टर, तेव्हा जॉर्जियाचा गव्हर्नर, तिथे जाऊन आला. ब्राझीलची रॉक गायिका रिता ली पण याच लोकांच्या वंशातली.