ऊर्जाक्षेत्रातील धर्मादाय संस्था

विजेची जोडणी नसलेल्या किंवा बिल परवडत नसलेल्या घरांपर्यंत ऊर्जा पोचवणे, मिळते ती ऊर्जा काटकसरीने वापरण्याची सोय करून देणे आणि सूर्य, वारा, वाहते पाणी, जैवभार यांपासून होणाऱ्या वीजनिर्मितीचा प्रसार करणे, ही कामे नफ्याचा हेतू न ठेवता करणाऱ्या संस्था. कुठे त्या विश्वस्त संस्था असतात, कुठे नोंदणीकृत सोसायट्या, तर कुठे ना-नफा कंपन्या. काही संस्था गावात जाऊन सौर पॅनेल बसवतात, काही घरांच्या माळ्यांवर उष्णतारोधक थर टाकून देतात, काही फक्त पैसा पुरवतात आणि काही वीज नियामक आयोगापुढे बाजू मांडतात. देणगी मागणाऱ्या पत्रकांवर या शेवटच्या संस्थांचे छायाचित्र सहसा नसते. पण परिणामांचा हिशेब मांडायला बसले तर त्यांचा वाटा मोठा निघतो.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांपैकी सातवे उद्दिष्ट ऊर्जेचे आहे : २०३० पर्यंत सर्वांना परवडणारी, भरवशाची आणि आधुनिक ऊर्जा मिळावी. २०२२ मध्ये जगात सुमारे ६८.५ कोटी लोक विजेविना होते आणि त्यांतील दहांपैकी आठांहून अधिक सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत राहत होते. लाकूड, शेणी, कोळसा किंवा रॉकेल जाळून स्वयंपाक करणाऱ्यांची संख्या याच्या तिप्पट, म्हणजे सुमारे २१० कोटी होती.

‘वीज पोचली’ म्हणजे नेमके काय झाले, हे ठरवण्यासाठी जागतिक बँकेच्या पुढाकाराने २०१५ मध्ये पाच पायऱ्यांची एक मोजपट्टी तयार झाली. पहिल्या पायरीसाठी दिवसाला १२ वॅट-तास वीज आणि चार तासांचा पुरवठा पुरतो. पाचव्या पायरीसाठी दिवसाला ८.२ युनिट, म्हणजे ८,२०० वॅट-तास वीज आणि २३ तासांचा पुरवठा लागतो. विजेच्या प्रमाणात हा फरक जवळजवळ सातशे पट आहे, तरी दोन्ही घरे ‘वीज असलेली’ म्हणून मोजता येतात. म्हणून एखाद्या संस्थेच्या वार्षिक अहवालात ‘इतक्या लाख लोकांना प्रकाश’ असे वाचले, की कोणत्या पायरीचा, हे आधी पाहावे.

या कामाची सुरुवात विजेपासून नव्हे, तंत्रज्ञानाच्या आकाराविषयीच्या वादातून झाली. अर्थतज्ज्ञ ई. एफ. शूमाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये लंडनमध्ये इंटरमीजिएट टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट ग्रुप स्थापन केला. गरीब देशांना प्रचंड यंत्रे देण्यापेक्षा गावातल्या माणसाला चालवता आणि दुरुस्त करता येतील अशी यंत्रे द्यावीत, ही त्यांची भूमिका होती. आज ‘प्रॅक्टिकल ॲक्शन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेने नेपाळ, श्रीलंका आणि पेरू येथे ओढ्या-नाल्यांवरचे लहान जलविद्युत संच उभारण्याचे काम दीर्घकाळ केले. १९७३ च्या तेलसंकटानंतर श्रीमंत देशांतही ऊर्जेची चणचण हा सामाजिक प्रश्न बनला. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलचे सेंटर फॉर सस्टेनेबल एनर्जी (१९७९) आणि आज नॅशनल एनर्जी ॲक्शन म्हणून ओळखली जाणारी संस्था (१९८१), तर अमेरिकेत रॉकी माउंटन इन्स्टिट्यूट (१९८२) ही त्या काळाची अपत्ये होत. सौर पॅनेल खेड्यांत नेणाऱ्या संस्था त्यानंतरच्या. नेव्हिल विल्यम्स यांनी १९९० मध्ये सोलर इलेक्ट्रिक लाइट फंड सुरू केला, बांगलादेशात १९९६ मध्ये ग्रामीण शक्ती उभी राहिली, आणि कॅनडातील प्राध्यापक डेव्ह अर्व्हिन-हॅलिडे यांनी १९९७ मध्ये नेपाळमधली एक अंधारी शाळा पाहून पांढऱ्या एलईडीचे दिवे करायला घेतले.

एलईडीने या क्षेत्राचे गणितच बदलले. बल्ब किंवा ट्यूब लावायची तर मोठे पॅनेल आणि जड बॅटरी लागे, आणि एवढा खर्च देणगीशिवाय निघत नसे. एलईडीला तळहाताएवढे पॅनेल पुरू लागले. रॉकेलवर महिन्याकाठी होणाऱ्या खर्चातून कुटुंबाला दिवा स्वतःच विकत घेता येईल, इतकी किंमत खाली आली. मग दिवा फुकट द्यावा की विकावा, हा प्रश्न उभा राहिला आणि तो अजून मिटलेला नाही. ब्रिटनमधील सोलरएड (२००६) ही संस्था विकण्याच्या बाजूची. तिने सनीमनी नावाचा विक्री-उपक्रम काढला आणि आफ्रिकेतील खेड्यांत शाळांच्या मुख्याध्यापकांमार्फत दिवे विकले. गावात ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याने दिवा वापरून दाखवला तर इतरांचा भरवसा बसतो, हा त्यामागचा विचार होता. फुकट वाटलेल्या दिव्यांमुळे जवळपासच्या दुकानदाराचा माल पडून राहतो आणि दिवा बिघडल्यावर दुरुस्त करणारा कोणी उरत नाही, हा विक्रीवाल्यांचा मुख्य युक्तिवाद. तो बराचसा खरा आहे. मात्र सर्वांत गरीब घराला सर्वांत स्वस्त दिवाही परवडत नाही, हेही तितकेच खरे. सोलरएडने पुढे मलावीतील कासाकुला भागात सुरुवातीला एक पैसाही न घेता घरोघर संच बसवले आणि फक्त वापराचे पैसे घेण्याची पद्धत आजमावली. संचाची मालकी, आणि त्याबरोबर दुरुस्तीची जबाबदारी, घरमालकाकडे जात नाही, हा या पद्धतीचा गाभा आहे.

कारण संस्थांचे खरे पाणी जोखले जाते ते दुरुस्तीच्या वेळी. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते; शिसे-आम्लाची बॅटरी मात्र तीन ते पाच वर्षांत थकते. तिच्यात वेळच्या वेळी ऊर्ध्वपातित पाणी घालावे लागते आणि ती पूर्ण रिकामी होऊ द्यायची नसते. ती रिकामी होण्याआधी चार्ज कंट्रोलर पुरवठा तोडतो. पण ऐन कार्यक्रमाच्या मध्यात टीव्ही बंद पडला, की कोणीतरी कंट्रोलरला बगल देऊन तारा थेट बॅटरीला जोडतो. त्या रात्री टीव्ही चालतो, बॅटरी मात्र काही महिन्यांत मरते. नवीन बॅटरीचे पैसे कोणाच्याच अनुदानात नसतात, कारण अनुदान बहुधा दोन-तीन वर्षांचे असते आणि बॅटरी त्यानंतर जाते. ग्रामीण शक्तीचे यश यामुळेच उठून दिसते. तिने दहा लाखांहून अधिक घरांत सौर संच बसवले, पण हप्ता वसूल करायला घरी येणारा माणूसच संच तपासून जात असे. हप्ता हवा असेल तर दिवा चालू ठेवणे त्याला भाग होते.

दुरुस्तीचा प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवण्याचा प्रयत्न राजस्थानातील तिलोनिया येथे झाला. बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या बेअरफूट कॉलेजात आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि पॅसिफिक बेटांवरच्या खेड्यांतून मध्यमवयीन बायका, बऱ्याचदा आज्या, सहा महिन्यांसाठी येत. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नसे आणि एकीची भाषा दुसरीला कळत नसे. रंगांच्या खुणा, हातवारे आणि पुन्हापुन्हा करून पाहणे, एवढ्या बळावर त्या सर्किट जोडायला शिकत. भारत सरकारच्या तांत्रिक सहकार्य कार्यक्रमातून त्यांच्या प्रशिक्षणाला मदत मिळे. आज्याच का, याचे संस्थेने दिलेले उत्तर व्यवहारी आहे : तरुणाला प्रमाणपत्र दिले की तो शहर गाठतो, आजी गावातच राहते.

घरापेक्षा दवाखान्याला वीज देणे अधिक हिशेबी, असेही काही संस्थांचे मत आहे. प्रसूतितज्ज्ञ लॉरा स्टॅचेल यांनी २००८ मध्ये उत्तर नायजेरियात वीज गेल्यामुळे शस्त्रक्रिया खोळंबलेल्या पाहिल्या. त्यांच्या वुई केअर सोलर या संस्थेची पिवळी ‘सोलर सूटकेस’ भिंतीवर टांगायची असते. तिच्यात टेबलावर प्रकाश टाकणारे एलईडी दिवे, डोक्याला बांधायचे दिवे, गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकण्याचे यंत्र आणि मोबाइल चार्ज करण्याची सोय असते. शेतीकडे वळलेली कामेही आहेत. बेनिनमधील कालाले भागात सोलर इलेक्ट्रिक लाइट फंडाने सौर पंप आणि ठिबक सिंचन एकत्र आणून बायकांच्या गटांचे भाजीमळे कोरड्या हंगामात चालते ठेवले.

आणि मग ग्रिड, म्हणजे वीज कंपनीचे मोठे वीजजाळे, येते. बिहारमधील धरनई गावात ग्रीनपीसने इतर संस्थांच्या मदतीने २०१४ मध्ये १०० किलोवॅटचा सौर मायक्रोग्रिड (गावापुरते स्वतंत्र वीजजाळे) उभारला. गाजावाजा मोठा झाला. पण राज्याचे माजी मुख्यमंत्री आले तेव्हा गावकऱ्यांनी ‘आम्हाला खरी वीज हवी, खोटी नको’ अशी मागणी केली. मायक्रोग्रिडवर फ्रिज, इस्त्री, हीटर चालवायला मनाई होती आणि युनिटचा दर सरकारी दरापेक्षा जास्त होता. पुढे सरकारी जोडणी आली आणि सौर संच हळूहळू बंद पडला. गावकऱ्यांना सूर्याचे वावडे नव्हते. शहरातल्या माणसाला मिळते तीच वीज, त्याच दरात हवी होती, इतकेच. इंडोनेशियातील इबेका या संस्थेने हा धोका आधीच ओळखला होता. पश्चिम जावातील चिंता मेकार येथील १२० किलोवॅटचा जलविद्युत संच ग्रिडलाच जोडलेला आहे. गावाची सहकारी संस्था त्यात भागीदार असून सरकारी वीज कंपनीला विकलेल्या विजेचे उत्पन्न गावात येते.

स्वयंपाकाच्या ऊर्जेकडे पैसा कमी गेला आणि निकालही फिकेच राहिले. घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये जगभर सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१० मध्ये स्वच्छ चुलींसाठी सुरू झालेल्या जागतिक आघाडीने (आजची क्लीन कुकिंग अलायन्स) दहा वर्षांत १० कोटी घरांत सुधारित चुली नेण्याचे ठरवले. परंतु ओडिशातील निर्धूर चुलींचा चार वर्षे मागोवा घेणाऱ्या एका अभ्यासात, पहिल्या वर्षी कमी झालेला धूर पुढे पुन्हा पूर्वीइतकाच झाल्याचे दिसले. चुली भंगल्या, धुराडी साफ झाली नाहीत, वापर घटला. सुधारित चुलींवरून विकल्या जाणाऱ्या कार्बन क्रेडिटचे (टाळलेल्या कार्बन उत्सर्जनाच्या प्रमाणपत्रांचे) हिशेबही अव्वाच्या सव्वा असल्याचे २०२४ च्या एका संशोधनात आढळले. तपासलेल्या प्रकल्पांनी खऱ्या बचतीच्या सुमारे नऊ पट क्रेडिट घेतले होते. वेगळ्या वाटेने गेलेल्यांत पुण्याची आरती ही संस्था आहे. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने तिने उसाच्या पाचटाचा कोळसा आणि शेणाऐवजी खरकट्यावर चालणारे आटोपशीर बायोगॅस संयंत्र विकसित केले. या दोन कामांसाठी तिला २००२ आणि २००६ मध्ये शाश्वत ऊर्जेसाठी दिला जाणारा ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला.

ऊर्जाबचतीचे काम थंड देशांत अधिक रुजले. ब्रिटनमध्ये उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घर पुरेसे उबदार ठेवण्यावर खर्च करावी लागणारे कुटुंब ‘इंधन-दरिद्री’ समजावे, अशी व्याख्या ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ मध्ये रूढ केली. तिथल्या संस्था माळ्यावर उष्णतारोधक थर टाकतात, खिडक्यांच्या फटी बुजवतात, आणि बिल वाचून दाखवून कोणता दर स्वस्त पडेल तेही सांगतात. कॅलिफोर्नियात २००१ च्या वीजसंकटात जन्मलेली ग्रिड ऑल्टरनेटिव्ह्ज अल्प उत्पन्नाच्या घरांवर सौर पॅनेल बसवते आणि त्याच छपरांवर नव्या कारागिरांना शिकवते. बचत आणि उपलब्धता ही दोन स्वतंत्र खाती नाहीत. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा ३० च्या आसपास. सौर घरात पंखा बदलला की पॅनेल आणि बॅटरी दोन्ही लहान चालतात. १९९९ पासून उपकरणांच्या मानकांवर काम करणारी क्लास्प ही संस्था सौर दिव्यांच्या दर्जाची व्हेरासोल ही तपासणी योजनाही चालवते, ती याच कारणाने.

धोरणावर काम करणाऱ्या संस्थांचे भारतातील ठळक उदाहरण म्हणजे पुण्याचा प्रयास ऊर्जा गट. १९९० च्या दशकात दाभोळ प्रकल्पाच्या वीजखरेदी कराराची चिरफाड करून या गटाने ग्राहकांवर पडणारा बोजा मांडला. २००७ पासून त्याने ठिकठिकाणी प्लगमध्ये खोचायची लहान यंत्रे बसवून मिनिटामिनिटाचा व्होल्टेज नोंदवायला सुरुवात केली. त्यामुळे वीज किती तास गेली, याबद्दल कंपनीचे एक आणि ग्राहकाचे दुसरे, असा वाद उरला नाही. आकडे समोर आले. अशा कामाला पॅनेलसारखे उद्घाटन नसते, त्यामुळे त्यासाठी पैसा मिळवणे अवघड जाते.

कायद्याने कुठे सोय होते, कुठे अडचण. इंग्लंडच्या २००६ च्या धर्मादाय कायद्याने पर्यावरणरक्षण हा धर्मादाय हेतू स्पष्टपणे मान्य केला. भारतात कंपनी कायदा, २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात आणि त्यातला काही पैसा सौर प्रकल्पांकडे वळतो. परदेशी देणगीवर मात्र त्याविषयीच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने बंधने घट्ट केली. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर रोखला गेला आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला हा पैसा देण्यास मनाई झाली. गावपातळीवरच्या लहान संस्था अशाच वाटेने पैसा मिळवत असत.

दिव्याने आयुष्य किती बदलते, यावरही मतभेद आहेत. उत्तर प्रदेशात लहान सौर मायक्रोग्रिडच्या ग्राहकांवर झालेल्या २०१७ च्या अभ्यासात रॉकेलवरचा खर्च कमी झाला, पण बचत, व्यवसाय किंवा मुलांचा अभ्यास यांत ठोस फरक दिसला नाही. दोन दिवे आणि मोबाइल चार्जरच्या जोडणीने गिरणी चालत नाही, हे लक्षात घेतले तर यात नवल नाही. मोठ्या देणगीदारांचा ओढा त्यामुळे उत्पादक वापराकडे (गिरणीसारख्या, कमाई देणाऱ्या वापराकडे) आणि ग्रिडकडे वळला आहे. रॉकफेलर फाउंडेशन, आयकिया फाउंडेशन आणि बेझोस अर्थ फंड यांनी २०२१ मध्ये ग्लोबल एनर्जी अलायन्स फॉर पीपल अँड प्लॅनेट स्थापन केली. दिल्लीतील किलोकरी येथील २० मेगावॅट, ४० मेगावॅट-तास क्षमतेच्या बॅटरी प्रकल्पाला तिने सवलतीचे कर्ज दिले. इथे लाभार्थी एखादे अंधारे खेडे नाही, तर वीज वितरण कंपनी आहे. धर्मादाय पैशाने बँकेचे काम करावे का, असा आक्षेप त्यावर घेतला जातो. खासगी बँका पहिला धोका पत्करायला तयार नसतात, म्हणून तो आम्ही पत्करतो, असे समर्थकांचे म्हणणे आहे.