कळलावीचे विष आणि उतारवयातला दाह

श्रावणात तोरणमाळच्या वाटेने किंवा यावल-चोपड्याच्या बाजूने सातपुड्यात शिरले, की झुडपांच्या आधाराने वर चढलेली कळलावी नजरेस पडते. तिच्या पाकळ्या बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लालभडक असतात. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन नावाचे जहाल द्रव्य असते. हेच द्रव्य अर्ध्या मिलिग्रॅमच्या रोजच्या गोळीच्या रूपाने हृदयविकाराच्या रुग्णांना देण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०२३ मध्ये मान्यता दिली. कोलेस्टेरॉल किंवा रक्तदाब कमी न करता, केवळ दाह शमवून हृदयाचे रक्षण करणारे असे हे तिथले पहिले मान्यताप्राप्त औषध ठरले.

जखम झाली की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते आणि काही दिवसांत निवळते. हा दाह उपकारकच असतो. वय वाढते तसा मात्र एक वेगळा, मंद आणि न विझणारा दाह अंगात मुरतो. क्लॉडिओ फ्रान्चेस्की या इटालियन शास्त्रज्ञाने २००० साली वार्धक्य आणि दाह यांची ही सांगड प्रथम ठळकपणे मांडली. त्याची कारणे अनेक आहेत. पोटावरची चरबी दाहकारक रेणू सोडते. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचलेले कोलेस्टेरॉलचे स्फटिक पांढऱ्या पेशींना चिथावतात. शिवाय काही पेशी विभाजन थांबवूनही मरत नाहीत. मानवी पेशी ठरावीक वेळाच विभागतात, हे हेफ्लिक आणि मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवले होते. अशा थांबलेल्या पेशी गप्प न बसता इंटरल्यूकिन-६ सारखे रेणू सतत स्रवत राहतात, हे ज्युडिथ कॅम्पिसी यांच्या गटाने २००८ मध्ये सविस्तर मांडले.

हे रेणू म्हणजे पेशींचे निरोप होत. निरोप पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला, म्हणजे तो ओळखणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो, आतल्या प्रथिनांची साखळी जागी होते, आणि शेवटी केंद्रकातील दाहाची जनुके चालू होतात. औषध शोधणाऱ्यांनी या मार्गावर वेगवेगळ्या ठिकाणी नाकेबंदी केली आहे.

पहिली नाकेबंदी पेशीच्या बाहेर झाली. लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी १९९२ मध्ये लंडनमध्ये आमवाताच्या रुग्णांना टीएनएफ हा दाह चेतवणारा रेणू निकामी करणारे प्रतिपिंड दिले आणि आखडलेले सांधे मोकळे होताना पाहिले. त्यातून या आजाराच्या उपचारांची दिशाच बदलली. पण टीएनएफ हाच रेणू क्षयाच्या जंतूंना फुप्फुसात कोंडून ठेवण्याचे कामही करतो. म्हणून ही इंजेक्शने सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी करावीच लागते, आणि आपल्या देशात तर ती टाळणे म्हणजे संकटाला आमंत्रणच. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या कॅनाकिनुमॅब या प्रतिपिंडाच्या चाचणीतही हाच पेच दिसला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांत इंटरल्यूकिन-१ बीटा हा निरोप अडवल्यावर झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले, परंतु जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही.

दुसरी नाकेबंदी पेशीच्या आत. २०१२ मध्ये मान्यता मिळालेले टोफासिटिनिब साखळीतील जॅक नावाची प्रथिने रोखते आणि ते इंजेक्शनऐवजी गोळीतून घेता येते. मात्र पन्नाशी ओलांडलेल्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या आमवाताच्या रुग्णांत त्याने हृदयाचे विकार आणि कर्करोग अधिक आढळल्याने २०२१ मध्ये त्यावर कडक इशारा आला. थांबलेल्या पेशीच नष्ट करण्याची कल्पना सर्वांत आकर्षक आहे. २०१५ मध्ये दासाटिनिब आणि क्वेर्सेटिन या जोडीने उंदरांत ते साधले. पण गुडघ्याच्या संधिवातावर याच विचाराने बनवलेले एक औषध २०२० मध्ये माणसांवरील चाचणीत निष्प्रभ ठरले. वार्धक्य उलटवण्याच्या जाहिराती वाचताना हे ध्यानात असावे. तीच गोष्ट हळदीची. कर्क्युमिन काचपात्रात दाहाचे निरोप अडवते खरे, पण पोटातून रक्तात जेमतेम पोहोचते. भाजीतली हळद चालू द्यावी, तिला औषध म्हणू नये.

कोल्चिसीनची गंमत अशी, की ते एका निरोपावर नेम धरत नाही. पेशीच्या आतील सूक्ष्मनलिका ज्या ट्युब्युलिन प्रथिनापासून बनतात, त्याला ते चिकटते. नलिका नीट न बांधल्या गेल्याने पांढऱ्या पेशी दाहाच्या जागेकडे सरकू शकत नाहीत, आणि इंटरल्यूकिन-१ बीटा तयार करणारी प्रथिनांची जुळणीही विस्कळीत होते. म्हणजे महागड्या कॅनाकिनुमॅबच्या कामाचा काही भाग ही स्वस्त गोळी करते. ही गोळी दिल्यावर २०१९ मध्ये नुकताच झटका येऊन गेलेल्या ४,७४५ रुग्णांत हृदयाच्या गंभीर घटना २३ टक्क्यांनी, तर २०२० मध्ये जुना हृदयविकार असलेल्या ५,५२२ रुग्णांत ३१ टक्क्यांनी कमी झाल्या. पुढे २०२४ मध्ये सुमारे सात हजार रुग्णांच्या चाचणीत, झटक्यानंतर लगेच गोळी सुरू करूनही लाभ दिसला नाही. माझ्या मते यावरून औषध फोल ठरत नाही. ते कोणाला आणि केव्हा द्यावे, हा प्रश्न मात्र खुला होतो.

उपकारक मात्रा आणि मारक मात्रा यांत येथे अंतर फार थोडे आहे. मूत्रपिंड मंदावलेल्या वृद्धांत, किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक सोबत चालू असताना, नेहमीची गोळीही अंगात साचून घातक होते. कळलावीच्या कंदात तर द्रव्याचे प्रमाण रोपागणिक बदलते आणि तो रताळ्यासारखा दिसतो. पोटात गेल्यास उलट्या-जुलाबांनी सुरुवात होऊन पुढे अस्थिमज्जा, मूत्रपिंड आणि हृदय निकामी होऊ शकते, आणि त्यावर हाताशी असलेला उतारा नाही. म्हणून गुडघेदुखीसाठी रानातला कंद उगाळून घेऊ नये, आणि चुकून कोणी खाल्ला असेल तर त्रास सुरू होण्याची वाट न पाहता, उरलेला कंद सोबत घेऊन, त्याला थेट रुग्णालयात न्यावे.