चासीचे रंगकाम

ऑफ-रोड वाहनाची चासी बहुधा शिडीच्या आकाराची असते: दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे सदस्य. बॉडी, इंजिन व सस्पेन्शन उतरवून उघड्या केलेल्या या सांगाड्यावरील जुना रंग व गंज काढणे, पोलाद रंग धरेल असे तयार करणे आणि त्यावर संरक्षक थर चढवणे, या कामांना एकत्रितपणे चासीचे रंगकाम म्हणतात. चिखल, पाण्यातून जाणे आणि चाकांनी उडवलेले दगड यांमुळे या वाहनांच्या रंगाची झीज साध्या मोटारीपेक्षा फार लवकर होते. त्यातून रंग टिकला नाही, तर दोष बहुतेकदा रंगाचा नसून त्याखालील तयारीचा असतो.

तयारीत सर्वप्रथम ग्रीस व तेल धुऊन काढावे लागते, कारण तेलकट पोलादावर ब्लास्टिंग (कठीण कणांचा वेगवान झोत मारून पृष्ठभाग घासणे) केल्यास तेल निघून न जाता पृष्ठभागाच्या खाचांत पसरते. नवे पोलादही स्वच्छ असतेच असे नाही. गरम लाटलेल्या पत्र्यावरचा निळसर काळा ऑक्साइडचा थर टणक भासतो, पण त्याला तडे जाऊन ओलावा आत शिरला की लगतचे उघडे पोलाद अधिक वेगाने गंजते. म्हणून तोही काढावा लागतो. सर्वांत खात्रीचा मार्ग अपघर्षक ब्लास्टिंगचा असून, त्यासाठी आयएसओ ८५०१-१ या मानकातील एसए २½ ही स्वच्छतेची पातळी सहसा ठरवली जाते. गार्नेट या कठीण खनिजाचे कण किंवा पोलादी ग्रिट (टोकदार कण) वापरून साधारण ४० ते ७५ मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांचा) खडबडीतपणा मिळवतात. नदीची वाळू वापरणे टाळावे, कारण तिच्या धुळीतील सिलिकामुळे सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा असाध्य रोग होतो.

ब्लास्टिंगनंतर वेल्डिंगमधले तडे आणि गंजाने पातळ झालेले भाग उघडे पडतात. दुरुस्ती व नव्या ब्रॅकेटांचे वेल्डिंग याच टप्प्यावर उरकावे, वेल्डिंगचे उडालेले कण घासून काढावेत आणि धारदार कडा गोल कराव्यात. धारेवर ओला रंग मागे सरकतो व थर नेमका तिथेच पातळ राहतो. म्हणूनच कडा व वेल्डच्या शिवणींवर ब्रशने एक जादा हात आधी देतात. उघडे पोलाद काही तासांतच गंजू लागत असल्याने प्रायमर, म्हणजे रंगाचा पहिला थर, त्याच दिवशी, हवेतील सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांखाली आणि पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा (हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते त्या तापमानापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअसने अधिक असताना लावतात.

दोन घटकांचा (राळ व तिला कडक करणारा कडकक मिसळून वापरायचा) इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर पॉलियुरेथेनचा थर ही सर्वाधिक रुळलेली जोडी आहे. इपॉक्सी घट्ट चिकटते, पण उन्हात भुकटते. वरचा थर ती उणीव भरून काढतो. मात्र पॉलियुरेथेनच्या कडककात आयसोसायनेट हे श्वासावाटे घातक ठरणारे रसायन असल्याने फवारणी करताना बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. पावडर कोटिंग, म्हणजे कोरड्या भुकटीच्या रूपात चढवलेला रंग, साधारण १८० ते २०० अंशांवर भट्टीत पक्के होते व देखणे दिसते. परंतु दगडाने एकदा फुटले की पाणी त्याखालून पसरते आणि ठिगळ लावून दुरुस्त करणे कठीण जाते. सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवण्याची पद्धत आतबाहेर दोन्हीकडे संरक्षण देते. त्यासाठी हवा व जस्त वाहण्याची छिद्रे ठेवावीच लागतात, अन्यथा कोंडलेल्या ओलाव्याची वाफ होऊन स्फोट होऊ शकतो. पातळ चासी या उष्णतेने वाकण्याची शक्यताही असते.

पेटीसारख्या पोकळ तुळया आतून गंजतात, आणि बाहेरून हा गंज दिसेपर्यंत पत्रा कुजलेला असतो. म्हणून उरलेले ग्रिट हवेच्या झोताने काढून, लांब नळीच्या टोकाला सर्व दिशांना फवारणारी तोटी लावून आत रंग किंवा पोकळीचे मेण सोडतात. निचऱ्याची छिद्रे त्या वेळी बुजणार नाहीत याकडे लक्ष द्यावे लागते. आटे, बुशांच्या (सांध्यांतील रबरी वा धातूच्या नळ्यांच्या) बसण्याच्या जागा आणि विद्युत अर्थिंगचे बिंदू रंगापूर्वी झाकतात. कोरलेला चासी क्रमांक जाड थराखाली गाडला जाऊ नये म्हणून त्यावर पातळ हात पुरेसा असतो. रंग हाताला सुकलेला वाटला, तरी दोन घटकांचे थर पूर्ण कडक होण्यास सामान्य तापमानाला साधारण आठवडा लागतो. त्याआधी बोल्ट आवळल्यास वॉशरखालचा रंग दबून सोलतो.